मस्कतचा पॅल, जर्सीचा एनटीएससी: जुन्या हाय८ टेपांच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२४, शहापूर, बेळगाव

मोठ्या भावजींच्या टेपा आज माळ्यावरून खाली काढल्या. चाळीसच्या वर आहेत, सगळ्या ८ मिलिमीटरवाल्या. काहींवर भावजींचं अक्षर आहे, बाकीच्या कोऱ्या. ठरवलंय असं की प्रत्येक टेप शक्यतो एकदाच पण नीट चालवायची, कॉम्प्युटरवर घ्यायची आणि इथे, पुण्याला नणंदेकडे आणि न्यू जर्सीला भावजींकडे एकेक प्रत ठेवायची. नोंदी लिहायचं कारण म्हणजे आमच्या गल्लीत मस्कत-दुबई-अमेरिका करून आलेली बरीच घरं आहेत आणि बहुतेकांच्या माळ्यावर असाच डबा पडून आहे.

आधी कॅमेऱ्यांची हकीकत, कारण सगळा गुंता तिथला आहे. भावजी १९९४ साली मस्कतला गेले आणि तिथे त्यांनी सोनीचा हाय८, म्हणजे ८ मिलिमीटर टेपेवर अॅनालॉग चित्रण करणारा, हँडिकॅम घेतला. ओमानमध्ये टीव्हीच्या चित्राचं स्टँडर्ड आपल्यासारखंच पॅल: ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं, वीज ५० हर्ट्‌झ. १९९९ मध्ये ते न्यू जर्सीला गेले. तिथे एनटीएससी: ५२५ रेषा, सेकंदाला २९.९७ चित्रं, वीज ६० हर्ट्‌झ. तरी त्यांनी मस्कतचाच कॅमेरा वापरला. २००२ मध्ये तिथला एनटीएससी डिजिटल८ (तशाच टेपेवर डिजिटल चित्रण करणारा कॅमेरा) घेतला आणि २००३ मध्ये तो घेऊन शिवजयंतीला बेळगावला आले.

म्हणजे डब्यात दोन स्टँडर्डं आहेत आणि कुठल्या टेपेत काय, हे वरून कळत नाही.

टेपेच्या पाठीवर पी५-९० किंवा पी६-१२० असं छापलेलं असतं. पी५ ही ५० हर्ट्‌झवाल्या देशांत विकायला काढलेली, पी६ ही ६० वाल्या देशांत. पुढचा आकडा त्या-त्या देशातल्या मिनिटांचा. त्यावरून दोन ढीग केले. हे ढीग टिकतात का ते प्रत्यक्ष चालवल्यावर दिसेल.

११ फेब्रुवारी

मस्कतचा कॅमेरा अजून घरात आहे. अडॅप्टर लावला, दिवा लागला, टेप आत गेली, पण चित्र नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये नुसता करडा धूर आणि आवाजात घरघर. बॅटरी तर केव्हाच मेलेली.

खडेबाजारच्या बाजूला रेडिओ-टेप दुरुस्त करणारे एक मामा अजून बसतात. त्यांनी तिथल्या तिथे उघडून बोर्ड भिंगाखाली धरला. लहान लहान गोल कॅपॅसिटरांच्या पायाशी तेलकट तपकिरी डाग होते आणि त्यांच्या बाजूची तांब्याची रेघ हिरवी पडली होती.

"मोटर बरी आहे, हेड बरं आहे. कॅपॅसिटर गळल्यात सगळे," मामा म्हणाले. "त्या काळातल्या हाय८ना हेच होतंय. ठेवून जा, घाई करू नका."

२,२०० रुपये सांगितले. तुमच्याकडे नव्वदच्या दशकातला हाय८ असेल आणि तो असाच करत असेल, तर हेड (टेप वाचणारा भाग) बिघडलं असं कोणी सांगितलं तरी आधी कॅपॅसिटर बघायला लावा.

२ मार्च

कॅमेरा आला आणि चालतो. पी५ च्या ढिगातली पहिलीच टेप लावली: मस्कतचा समुद्रकिनारा, जाऊबाई वाळूत चपला हातात घेऊन चाललेल्या. रंग अजून छान आहेत.

मग पी६ च्या ढिगातली एक घातली. वर भावजींनी 'स्नो' एवढंच लिहिलेलं. चित्र फाटेल अशी तयारी होती, पण जर्सीतला बर्फ स्वच्छ, रंगीत उमटला. टेप अमेरिकेत घेतलेली, चित्रण अमेरिकेतलं, स्टँडर्ड मात्र पॅल. कॅमेरा मस्कतचा असल्यावर दुसरं काय होणार!

ही टेप ८५-८६ मिनिटांवर संपली. वर १२० लिहिलंय. आधी वाटतं, टेप तुटून पुन्हा जोडलेली असावी. तसं नाही. हाय८ मध्ये पॅलची टेप सेकंदाला सुमारे २० मिलिमीटर सरकते, एनटीएससीची १४.३. तीच लांबी पॅल कॅमेऱ्यात लवकर संपते. उलट आपल्या बाजारातली पी५-९० एनटीएससी कॅमेऱ्यात घातली की दोन तास पाचेक मिनिटं चालते. नुसत्या पी५-पी६ वरून केलेले ढीग मोडले. ती अक्षरं टेप कुठल्या दुकानात घेतली एवढंच सांगतात.

संध्याकाळी भावजींना फोन केला. अमेरिकेत राहून पॅलच का, असं विचारलं.

"अगं, बघणारी माणसं सगळी तिकडं," ते म्हणाले. "आबांच्या टीव्हीला काय चालतंय ते बघायला नको? टेप कोणाबरोबर तरी पाठवायची, आबा तिकडचाच कोणाचा कॅमेरा मागून आणून बघायचे."

जर्सीच्या स्वतःच्या टीव्हीवर त्यांना तीन वर्षं काही बघता आलं नाही. पोरं जरा मोठी झाल्यावर जाऊबाईंनी हट्ट धरला, म्हणून २००२ चा एनटीएससी. त्या काळी परदेशी जाणाऱ्याने कॅमेरा कसा निवडावा, याचं मला पटलेलं हेच उत्तर आहे: टेप ज्या घरातल्या टीव्हीवर बघितली जाणार, त्या घराचं स्टँडर्ड घ्यायचं. भावजींनी प्रत्येक वेळी तेच केलं. बघणारं घर बदललं तसा कॅमेरा बदलला.

९ मार्च

चालवून बघून टेपा वेगळ्या करणं सुरू आहे. पॅल कॅमेऱ्यात एनटीएससी टेप गेली की लगेच कळतं: आडवे पट्टे, चित्राच्या चिंधड्या. हाय८ मध्ये हेडचं ड्रम पॅलला मिनिटाला १,५०० फेरे घेतं, एनटीएससीला जवळपास १,८००, आणि डिजिटल८ मध्ये ते आणखी वेगाने फिरतं. रेघा एका मापाने लिहिलेल्या आणि हेड दुसऱ्या मापाने फिरणारं, त्यामुळे जुळत नाही. असं दिसलं की लगेच थांबवते. बघत बसण्यात अर्थ नाही, टेप घासते.

आता पाठीवर तीन रंगांची चिकटपट्टी लावते. पिवळी: पॅल हाय८. निळी: एनटीएससी. लाल: बुरशी किंवा सुरकुती, सध्या हात लावायचा नाही. खानापूरला आत्याबाईंच्या घरी राहिलेल्या टेपा जवळपास सगळ्या लाल पट्टीच्या. तिकडचा पाऊस आणि बंद लाकडी कपाट. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पिठासारखा पांढरा थर दिसतो.

१७ मार्च

निळ्या पट्टीच्या टेपांचं काय करायचं हा प्रश्न. हिंदवाडीतले एक दादा पूर्वी लग्नाचं शूटिंग करायचे. त्यांच्याकडे पॅलचा डिजिटल८ आहे. सोनीच्या मॉडेल नंबराच्या शेवटी इंग्रजी ई असेल तर तो पॅल. त्यांच्या कॅमेऱ्याच्या मेनूत एनटीएससी प्लेबॅकची सोय आहे. आशा वाटली.

टेप लावली. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळं रंगीत. एव्ही केबलने यूएसबी कॅप्चर स्टिकला (चित्र कॉम्प्युटरवर घेणाऱ्या डबीला) जोडलं, तर कॉम्प्युटरवर काळंपांढरं आणि अधूनमधून वर सरकणारं.

"वहिनी, ह्याला कलर येत न्हाई बघा," दादा म्हणाले आणि केबल हलवून बघायला लागले. केबलचा दोष नव्हता. असा कॅमेरा एनटीएससी टेप जशीच्या तशी बाहेर देत नाही. रेषा ५२५ च राहतात, सेकंदाला ६० फील्डही (फील्ड म्हणजे एकाआड एक रेषांचं अर्धं चित्र) तेवढीच, फक्त रंग पॅलच्या ४.४३ मेगाहर्ट्‌झवर चढवून देतो. त्याला पॅल-६० म्हणतात. बऱ्याच टीव्हींना हे चालतं. आमच्या स्टिकला एनटीएससी म्हटलं की रंग ३.५८ वर हवा आणि पॅल म्हटलं की ६२५ रेषा हव्यात. कॅप्चर प्रोग्रॅमच्या यादीत पॅल-६० असं नाव दिसतं, पण निवडल्यावर ड्रायव्हर ते घेत नाही, गुपचूप आधीच्यावर परत जातो. हे लक्षात यायला दोन रविवार गेले.

२००३ मध्ये भावजींनी हाच प्रकार आमच्या हॉलमध्ये केला होता. अमेरिकन कॅमेरा थेट आमच्या तेव्हाच्या टीव्हीला लावला आणि चित्र काळंपांढरं आलं. आबा विचारत होते, एवढा महाग कॅमेरा, त्याला रंग नाही का. आज कारण कळलं.

६ एप्रिल

निर्णय झाला. एनटीएससी टेपांसाठी एनटीएससीचाच कॅमेरा घ्यायचा.

दुसरा मार्ग बहुस्टँडर्ड व्हीसीआरसारखं यंत्र शोधायचा होता. ८ मिलिमीटरचं असं यंत्र इथे मिळणं कठीण, मिळालं तर किंमत परवडणारी नाही आणि बिघडलं तर मामांकडेही सुटे भाग नाहीत. त्यापेक्षा अमेरिकेत जुन्या वस्तूंच्या बाजारात चालू स्थितीतला डिजिटल८ घ्यावा, हे बरं. त्याच्यात कॉम्प्युटरला जोडायचं फायरवायर असतं, सोनी त्याला आयलिंक म्हणते. त्यातून आकडेच थेट कॉम्प्युटरवर उतरतात, रंगाचा घोळच उरत नाही. आणि जुनी अॅनालॉग टेप लावली तरी कॅमेरा स्वतः तिचं डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) करून देतो.

एक अट मात्र पाळायची. सगळे डिजिटल८ कॅमेरे जुन्या हाय८ टेपा वाचत नाहीत. नंतरच्या स्वस्त मॉडेलांतून ती सोय काढून टाकलेली आहे. घ्यायच्या आधी विकणाऱ्याला अॅनालॉग टेप लावून दाखवायला सांगा. भावजींनी डीसीआर-टीआरव्ही ३४० शोधला. ११० डॉलर, आपले साधारण ९,२०० रुपये. त्यांचा स्वतःचा त्यांनी कधीच गॅरेज सेलमध्ये काढला होता. पुतणी मे महिन्यात येतेय, तिच्या बॅगेतून येईल.

ह्यांना ९,२०० जास्त वाटले. पण शहरात टेप भरून देणारे तासाच्या हिशोबाने घेतात, आणि चौकशी केली तर एनटीएससी म्हटल्यावर दोघांनी सरळ नाही म्हटलं. तिसरे म्हणाले, टीव्हीवर लावून समोरून मोबाइलने घेऊ.

दरम्यान पिवळ्या टेपांसाठी हिंदवाडीच्या दादांनी त्यांचा कॅमेरा आठवडाभर वापरायला दिला. भाडं घेतलं नाही, कुंद्याचा डबा घेतला.

१३ एप्रिल

फायरवायर जोडणीत अडकले होते. लॅपटॉपला ते नाहीच. ऑनलाइन 'यूएसबी ते फायरवायर' म्हणून ४५० रुपयांची केबल मिळते, ती मागवली. दोन्ही टोकांना बसते, पण त्यातून काहीही येत नाही, येऊ शकतही नाही. यूएसबी आणि फायरवायर यांची बोलायची रीतच वेगळी, नुसता पिन बदलून भागत नाही. कोणी घेऊ नका.

शेवटी पॉलिटेक्निकच्या लॅबमधून निकालात निघालेला जुना डेस्कटॉप रीतसर लिलावात घेतलेला घरी होता, त्यात १,३५० रुपयांचं फायरवायर कार्ड बसवलं. विंडोज १० मध्ये त्याचा जुना, 'लेगसी' नावाचा ड्रायव्हर घालावा लागतो, नाहीतर कॅमेरा दिसतो आणि नाहीसा होतो. केबल ४०० रुपये: कॅमेऱ्याकडे ४ पिन, कॉम्प्युटरकडे ६ पिन. ६ पिनाच्या बाजूला वीज असते. प्लग उलटा दाबून घातला तर कॅमेऱ्याचा पोर्ट जळतो आणि तो पुन्हा होत नाही. कॅमेरा बंद असतानाच जोडा, आकार बघून जोडा.

विनडीव्ही हा छोटा फुकटचा प्रोग्रॅम पुरतो. एका तासाला साधारण १३ जीबी. खाली 'ड्रॉप्ड' म्हणून आकडा येतो, तो शून्य राहिला पाहिजे. अँटीव्हायरस आणि वायफाय बंद केल्यावर राहिला.

पिवळ्या टेपा रोज रात्री एक अशा जातायत.

५ मे

अमेरिकन कॅमेरा आला. लोक विचारतात म्हणून लिहिते: कॅमकॉर्डरच्या अडॅप्टरला ट्रान्सफॉर्मर लागत नाही. त्याच्या पोटावर १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ असं छापलेलं असतं, फक्त चपट्या पिनांना आपला सॉकेट बसवायला दहा-वीस रुपयांचा कन्व्हर्टर लागतो. अमेरिकेतून आणलेला व्हीसीआर मात्र बऱ्याचदा नुसत्या १२० व्होल्टचा असतो. तो थेट आपल्या २३० ला लावला की संपला. वाचल्याशिवाय काहीही लावू नका.

पहिली निळी टेप घातली. फाइल ७२० बाय ४८०, २९.९७. रंग अगदी पहिल्यासारखे. एवढे दिवस ज्या टेपेने चिंधड्या दाखवल्या तीच ही.

१२ मे

२००३ च्या शिवजयंतीची टेप. ही पी५-९०, खडेबाजारात घेतलेली, आणि आत डिजिटल८ एनटीएससी. डिजिटल८ मध्ये टेप जास्त वेगाने पळते, म्हणून नव्वदचीच टेप साधारण तासाभरात भरते.

बेळगावची चित्ररथ मिरवणूक म्हणजे रात्रभर. जनरेटरवर चालणाऱ्या ट्यूबलाइटा, हॅलोजन, ट्रॉलीवर उभे मावळे, पुढे लेझीम. आणि संपूर्ण चित्रण धडधडतंय. उजेड कमी-जास्त, कमी-जास्त, डोळे दुखतात.

टेप चांगली आहे, कॅमेराही चांगला आहे. अडचण आपल्या विजेची. ५० हर्ट्‌झवर जुन्या चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंदावते आणि उजळते. पॅल कॅमेरा सेकंदाला ५० फील्ड घेतो, त्यामुळे प्रत्येक फील्डच्या वाट्याला दोन पूर्ण लाटा येतात आणि उजेड सारखा दिसतो. एनटीएससी ६० घेतो. लाटा आणि फील्ड यांचा मेळ बसत नाही, आणि त्यांच्या फरकातून सेकंदाला सुमारे २० ठोके तयार होतात. जनरेटर ओझ्याखाली थकला की वीज बरोबर ५० वर राहत नाही, मग हे ठोकेही बदलत जातात. मारुती गल्लीच्या वळणावर ट्रॉली थांबते तिथे चित्र जवळजवळ श्वास घेतल्यासारखं हळू उजळतं. त्या उजेडात आबा दिसतात, डोक्याला भगवा फेटा, कडेवर कोणाचं तरी पोर. त्यांचं हालतं-बोलतं चित्रण याशिवाय फारसं नाही.

एफएफएमपेग या व्हिडिओ प्रोग्रॅमच्या डीफ्लिकर (ठोके घालवणाऱ्या) फिल्टरने बराच फरक पडतो. ठरावीक ठोक्यांच्या भागात चित्र शांत होतं. जनरेटरवाल्या भागात कमी. फार जोर लावला की फेट्याचा रंग मळकट होतो, म्हणून हलकाच ठेवला. मूळ फाइलला हात लावलेला नाही.

ज्यांना आज असं चित्रण करायचंय त्यांनी ५० हर्ट्‌झच्या देशात ६० वाला कॅमेरा असेल तर शटर हाताने १/१०० वर ठेवावं. १/१०० मध्ये प्रत्येक फील्डला बरोबर एक पूर्ण लाट मिळते, ठोके बंद होतात. रात्रीच्या मिरवणुकीत उजेड थोडा कमी पडेल, तो पडू दे. भावजींना २००३ मध्ये हे कोणी सांगितलं असतं तर ही टेप आज लख्ख असती.

१ जून

तारखांचं काम. डिजिटल८ टेपेत प्रत्येक चित्राबरोबर तारीख-वेळ लपलेली असते आणि फायरवायरने घेतल्यावर ती फाइलमध्ये येते. हाय८ अॅनालॉगमध्ये तसं काही मिळत नाही, चित्रावर छापलेली असेल तेवढीच.

घरातली संध्याकाळची आरती सकाळी साडेदहाची दाखवतेय. भावजींनी घड्याळ जर्सीचंच ठेवलेलं. मे महिन्यात आपण तिथून साडेनऊ तास पुढे, म्हणजे आठची आरती. बेळगावातल्या सगळ्या फाइलींना तेवढी वेळ जोडली. नावात आधी तारीख, मग जागा, मग स्टँडर्ड: '२००३-०५ बेळगाव एनटीएससी' अशा धर्तीवर. स्टँडर्ड नावातच लिहा, पुढे प्रत्येक पायरीवर लागतं.

२३ जून

पाऊस लागला. कॅमेऱ्याने स्क्रीनवर ओलाव्याची खूण दाखवली आणि टेप घ्यायचं बंद केलं. हेडच्या ड्रमवर दमटपणा बसला की टेप चिकटून गुंडाळली जाते, म्हणून कॅमेरा स्वतःच अडवतो. त्याच्याशी भांडू नये. दार उघडं ठेवून कोरड्या खोलीत तासभर ठेवला, चालू झाला.

तेव्हापासून दोन्ही कॅमेरे आणि टेपा तांदळाच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून. २५० रुपयांत भरपूर पुड्या आल्या. त्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की मंद तव्यावर कोरड्या करून परत वापरते. तवा वेगळा ठेवलाय.

लाल पट्टीच्या टेपा पावसाळ्यात उघडणार नाही. बुरशीची एक टेप चांगल्या कॅमेऱ्यात गेली तर तिचे कण हेडवर बसतात आणि पुढच्या प्रत्येक टेपेला लागतात.

१४ जुलै

निळ्या आणि पिवळ्या सगळ्या झाल्या. हेड साफ करायची कोरडी कॅसेट ६०० रुपयांची घेतली होती, मधेच चित्रात चौकोन दिसायला लागले तेव्हा कामाला आली.

आता आईंना बघता येईल असं करायचं. सगळं जोडून एक लांब फिल्म करायचा बेत होता. तो सोडला. २९.९७ आणि २५ एका दोरीत ओवायचे तर एकाचं दुसऱ्यात रूपांतर करावंच लागतं. पॅलचं ६० केलं की काही चित्रं दोनदा येतात, एनटीएससीचं ५० केलं की काही गळतात. कॅमेरा फिरताना झटके दिसतात. करून बघितलं, लेझीमच्या पावलांत ते फार खुपतं. शेवटी प्रत्येक फाइल तिच्या मूळ वेगात ठेवली: पॅलच्या ५० प्रोग्रेसिव्ह (फील्डऐवजी पूर्ण चित्रं), एनटीएससीच्या ५९.९४, दोन्ही एच.२६४. आताचा टीव्ही पेनड्राइव्हवरून दोन्ही चालवतो, त्याला फरक पडत नाही. क्रमाने नावं दिली की एकामागून एक लागतात.

फील्डचा क्रम सांभाळा. डीव्ही, मग पॅल असो की एनटीएससी, खालचं फील्ड आधी. प्रोग्रॅमने वरचं आधी धरलं तर हलणारी प्रत्येक गोष्ट पुढे-मागे थरथरते. आरतीचं ताट फिरतंय तिथे बघितलं की लगेच कळतं. चित्राचं मापही बघा: ७२० बाय ४८० आणि ७२० बाय ५७६ हे दोन्ही ४:३ च आहेत, ते प्रोग्रॅमला सांगितलं नाही तर एकात माणसं बुटकी आणि दुसऱ्यात उंच दिसतात.

मूळ डीव्ही फाइली दोन हार्ड डिस्कवर, २ टीबीच्या, प्रत्येकी ५,८०० रुपये. एक इथे, दुसरी पुण्याला.

आईंनी काल रात्री मस्कत बघितलं, आज जर्सीचा बर्फ. मारुती गल्लीचा तुकडा त्यांनी थांबवून परत लावायला सांगितला.

४ ऑगस्ट

नणंदेचा मुलगा टोरांटोला चाललाय. "मामी, कॅमेरा इथनं घेऊ की तिथनं?" भावजींच्या वेळचाच प्रश्न, पण आता उत्तर वेगळं आहे.

बघणाऱ्याच्या टीव्हीची काळजी आता नाही, फोन आणि टीव्ही दोन्ही वेग घेतात. उरते ती दिव्यांची. कॅनडात वीज ६० हर्ट्‌झ, म्हणून तिथे ३० किंवा ६० वर चित्रण करायचं. सुट्टीला बेळगावात आला की २५ किंवा ५०. हल्लीच्या सोनी कॅमेऱ्यांत मेनूत पॅल-एनटीएससी बदलता येतं, मात्र बदलल्यावर कार्ड फॉरमॅट करायला सांगतो, म्हणून आधी रिकामं करायचं. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये व्हिडिओखाली पॅल फॉरमॅट दाखवायचा पर्याय आहे, तो चालू केला की २५ मिळतात. फोनचा वेग बदलायचा नसेल तर १/१०० शटर.

जुना हँडिकॅम वापरायचा असेल तर तपासून घ्या. पहिल्या एचडी कॅमकॉर्डरांतही बरेच नुसते ५०आय किंवा नुसते ६०आय (सेकंदाला ५० किंवा ६० फील्ड) असे देशाप्रमाणे विकले जात, मेनूतून बदलत नाहीत. अशा कॅमेऱ्याच्या बाबतीत, ज्या देशात जास्त वर्षं राहणार तिथलाच घ्यावा. मुक्काम तिथला, घरातले दिवे तिथले.

त्याला इथे काही घेऊ नको म्हटलं, तिथे गेल्यावर घे.

१८ ऑगस्ट, आजवरचा खर्च

कॅपॅसिटर दुरुस्ती २,२००. कॅप्चर स्टिक ९००, ती आता कपाटात आहे. निरुपयोगी केबल ४५०. फायरवायर कार्ड १,३५०. केबल ४००. अमेरिकन कॅमेरा ९,२००. साफसफाईची कॅसेट ६००. दोन डिस्क ११,६००. सिलिका २५०. एकूण २६,९५० रुपये. स्टिक आणि ती केबल टाळली असती तर १,३५० वाचले असते. डिस्क सोडल्या तर बाकी साहित्य काम संपल्यावर दुसऱ्याला देता येईल. गल्लीतल्या दोन घरांनी एनटीएससी कॅमेरा मागितलाय.

लाल पट्टीच्या टेपा राहिल्यात. पाऊस उघडला की एक जुनी, वाया गेली तरी चालेल अशी हाय८ यंत्रणा फक्त त्यांच्यासाठी मामांकडून घेणार, कडेची बुरशी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसत रीळ दुसऱ्या खोक्यात चढवणार आणि मगच चालवणार. त्यात पॅल किती आणि एनटीएससी किती, हे तेव्हा कळेल.